उपवासातली अंडी

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी कारिया गावात चुली पेटत नाहीत. ऑलिव्ह, पाव, मुळा आणि तिळाचा हलवा, एवढ्यावर गाव दिवस काढतं. आर्गिरोच्या घरी तेवढंही नसे. पहाटे दिव्याची वात सारखी करायची, देवमातेपुढे बारा वेळा कपाळ जमिनीला टेकवायचं आणि त्या दिवशी ऊन डोंगराआड जाईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा तिचा सातव्या वर्षापासूनचा नेम. आता ती बावन्नची होती. त्यामुळे त्या सोमवारी दुपारी पाद्रीबाबा लाम्ब्रोस अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा तिला वाटलं, गावात कुणीतरी गेलं. एरवी ते त्या दिवशी चर्चमधून हलत नसत.

गेलं कुणी नव्हतं. नव्या बिशपांचं पत्र आलं होतं. चर्चमधली तेलरंगातली, गुलाबी गालांची, इटलीच्या वळणाची चित्रं हळूहळू उतरवायची आणि तिथे जुन्या रीतीची, अंड्याच्या रंगात काढलेली लावायची. कारियात पहिलं उतरणार होतं ते सांगाव्याचं चित्र. देवदूत येऊन मारियेला, म्हणजे देवमातेला, तिच्या पोटी येणाऱ्या बाळाचा सांगावा देतो, ते. गावचं चर्च त्याच सणाचं, आणि सण पंचवीस मार्चला, म्हणजे भर उपवासात.

हे चित्र आर्गिरोच्या वडिलांनी, अपोस्तोलिसने, काढलेलं होतं. बाकीची नऊ त्याची, त्याच्या वडिलांची आणि हिची. सत्तर वर्षं त्या भिंतीवर दुसऱ्या घराचा कुंचला लागला नव्हता.

पाद्रीबाबांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत, नुसताच पेला हातात धरला. बिशपांची स्वतःची चित्रशाळा आहे, ते तिथलं चित्र पाठवणार होते, असं त्यांनी सांगितलं. पण आपणच उलट लिहिलं, की आमच्याकडे आमची बाई आहे, तिला आधी करू द्या. "सणाच्या आदल्या दिवशी त्यांचा माणूस बघायला येईल," ते म्हणाले. "पसंत पडलं तर तुझं. नाही पडलं तर त्यांचं चित्र तो गाडीत घालूनच येणार आहे."

"आणि मग बाकीची नऊ?"

"तीही मग तिथूनच येतील."

आर्गिरोने मान हलवली. तिला मूल नव्हतं, भाऊ लढाईत गेला होता. घराचा हात त्या भिंतीवर राहायचा की उठायचा, हे आता या एका फळीवर होतं. आणि अंड्याच्या रंगाला तिने जन्मात बोट लावलेलं नव्हतं.

गावात तो रंग ठाऊक असलेला एकच माणूस होता. प्रोद्रोमोस. समुद्रापलीकडून हाकलून दिलेल्या लोकांबरोबर तो विशीत इथे आला. त्याआधी तिकडे एका चित्रशाळेत आठ वर्षं राबला होता. इथे आल्यावर त्याने खुर्च्या विणल्या. आता हात कापत, म्हणून तेही सुटलं होतं. गिरणीमागच्या खोलीत तो, दहा कोंबड्या आणि एक बोका, असा संसार होता.

"बापाने नाही शिकवलं?" त्याने विचारलं.

"बाबांना येत नव्हतं."

"येत नव्हतं, का नको होतं? तुझा बाप मला म्हणायचा, तुमचे संत कावीळ झाल्यासारखे दिसतात. मी म्हणायचो, तुमचे नुकतेच मिठाईच्या दुकानातून उठून आल्यासारखे." तो खोकला. "बस. अपोस्तोलिसची पोर माझ्या दारात आली. लिहून ठेवलं पाहिजे."

आर्गिरोने हे ऐकून घेतलं. तोंड बंद ठेवणं हाही तिच्या उपवासाचा भाग होता.

शिकवताना मात्र त्याने थट्टा केली नाही. अंडं फोडायचं, पांढरं गळू द्यायचं आणि बलक या तळहातावरून त्या तळहातावर फिरवत राहायचं. दर वेळी मोकळा हात कापडाला पुसायचा. बलक कोरडा झाला की त्याची साल दोन बोटांत चिमटीत धरून उचलायची, खालून सुईने टोचायची. आतलं वाटीत पडतं, साल बोटांत राहते. ती फेकायची. मग बलकाएवढंच पाणी आणि थोडा आंबट शिरका घालायचा, म्हणजे ते नासत नाही. गेरू, पिवडी, हिरवी माती, जे हवं ते पाण्यात खलून घ्यायचं आणि लावायच्या वेळी हे अंड्याचं पाणी त्यात मिसळायचं. पातळ लाव, तो पुनःपुन्हा म्हणाला. थरावर थर, पण प्रत्येक थर असा की खालचा दिसला पाहिजे. अंडं ताजं असावं, हे तेवढं त्याने सांगितलं नाही. ज्याच्या उशाशी दहा कोंबड्या, त्याला अंडं शिळंही असतं याची आठवण राहत नसावी.

चेस्टनटची एक जुनी फळी घरात होती. तिच्यावर कापड चिकटवून खडू आणि सरसाचे आठ लेप देणं, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करणं, हे आर्गिरोला येत होतं. अडलं ते अंड्यांपाशी.

उपवासात कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत नाहीत. गाव ती खात नाही एवढंच. घरोघर टोपल्यांत राख घालून ती ईस्टरसाठी साठवतात. तेव्हा लाल रंगात बुडवायला शेकड्यांनी लागतात. त्यामुळे आर्गिरो शेजारच्या मॉर्फोच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली तेव्हा मॉर्फोने आधी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अंडी? तुला? या दिवसांत?" मॉर्फो म्हणाली. "मी आजच कबुलीजबाबाला जाते. जग बुडायच्या आत उरकलेलं बरं."

चित्रासाठी हवीत, आर्गिरोने सांगितलं. आणि मग, थोडं थांबून, उपवास लागायच्या आधी घातलेली दे, असंही.

हे तिचं तिनेच ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिने कुणाला विचारलंही नव्हतं. देवमातेच्या चेहऱ्यात वर्ज्य दिवसांतलं अंडं घालायला तिचं मन धजेना. सोमवारच्या आधीचं अंडं निर्दोष. तेव्हा ते सगळ्यांनाच चालत होतं. मॉर्फोच्या हे पथ्यावर पडलं. ती अंडी ईस्टरपर्यंत टिकणार नाहीत याची धास्ती तिला होतीच. तिने टोपलीच्या तळातून वेचून वेचून चौदा दिली आणि वर, कावळ्यांना घातलीस तरी चालेल, घेऊन जा, असं म्हणाली.

काम सुरू झालं. आर्गिरो सकाळची प्रार्थना झाली की खिडकीशी बसायची, दुपारी पाण्यात उकडलेली घेवड्याची उसळ आणि पाव खायची, परत बसायची. पहिल्या आठवड्यात रेखाटन आणि सोन्याचा वर्ख झाला. दुसऱ्यात देवदूताची वस्त्रं, मारियेचा गर्द तांबडा अंगरखा. बलक तळहातावर फुटत होते. एखादाच दुसऱ्या हातापर्यंत पोचायचा. तिला वाटलं, हात नवखा आहे. फुटलेला बलक ती फडक्यातून गाळून घेई. पांढरंही थोडं बरोबर येई. ते तिला दिसत होतं, पण त्याने काय होतं हे तिला माहीत नव्हतं.

तेलरंगात एक गाल घेऊन ती दुपारभर बसायची. ओल्यात ओलं मिसळायचं, बोटाने जरा दाबायचं, रंगाला समजावत समजावत वळवायचं. हा रंग समजावल्याने वळत नव्हता. कुंचला लागला की वाळला. पुन्हा त्यावरून गेलं तर खालचं उचकटायचं. म्हणून तिने बेताबेताने रंग दाट केला. दाट रंग तिच्या हाताला ओळखीचा वाटला. तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मारियेचा चेहरा झाला. तो तिच्या वडिलांच्या मारियेसारखा बराचसा दिसत होता. आर्गिरोला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याबद्दल तिने संध्याकाळी चार साष्टांग जास्त घातले.

शुक्रवारी सकाळी तिने फळीवरचं कापड उचललं. मारियेच्या गालावर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा होत्या. हनुवटीचा एक पापुद्रा कडेने उभा राहिला होता. ती जवळून पाहायला वाकली, आणि तिच्या श्वासानेच तो सुटून तिच्या मांडीवर पडला.

सणाला पंधरा दिवस राहिले होते.

फळी चादरीत गुंडाळून ती गिरणीमागे गेली. प्रोद्रोमोसने पापुद्रा बोटांत चुरगळला, नाकाला लावला.

"अंडी कुणाची?"

"मॉर्फोची."

"कधीची?"

तिने सांगितलं. का तीच मागितली, तेही सांगितलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, त्यावरून तो हसतोय हे कळलं.

"उपवास तुझा आहे, आर्गिरो," तो शेवटी म्हणाला. "कोंबडीचा नाही."

त्याने उठून एका कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि अंडं काढलं. ते कोमट होतं. वाटीच्या कडेवर फोडलं तर बलक गोळीसारखा वर उभा राहिला. मग ते कापणारे हात एकमेकांजवळ आले, आणि बलक या तळहातावरून त्या तळहातावर, तिथून परत, असा सात-आठ वेळा गेला. हात थरथरत होते, बलक शाबूत होता. तेव्हा आर्गिरोला कळलं की दोष तिच्या हाताचा नव्हता. तिने ठरवलेल्या गोष्टीचा होता.

"आणि पातळ," म्हातारा म्हणाला. "तू लोणी फासलंयस. तेही उपवासात."

वस्त्रं थोडी तग धरून होती, पण प्रोद्रोमोस म्हणाला, सहा महिन्यांत तीही जातील. तिने सगळं खरवडलं, सोनं तेवढं ठेवलं. संतांच्या चित्राची खरवड केरात टाकत नाहीत. ती कागदावर गोळा करून तिने जाळली आणि राख अंगणातल्या सफरचंदाच्या मुळाशी घातली. मारियेचा चेहरा खरवडायला फार वेळ लागला नाही.

त्यानंतर ती रोज सकाळी गिरणीमागे जाऊन एक अंडं आणू लागली. गावात बोललं जाऊ लागलं. आर्गिरो रोज शालीआड अंडं नेते, यावर चक्कीवर, पाणवठ्यावर, दुकानात कुणी ना कुणी काहीतरी म्हणायचं. दुकानदार म्हणाला, एवढ्या धर्मशील बाईला एक अंडं माफ असावं, आमची बायको तर स्वप्नात मटण खाते. पांढरं ती बोक्यासाठी परत न्यायची. त्या उपवासात कारियात पोटभर जेवणारा जीव तो एकच असेल.

या वेळी रंग बसला. आधी चेहरा सगळा गडद, हिरवट, जून ऑलिव्हच्या रंगाचा. त्यावर बारीक बारीक उजळ रेघा, एकीला लागून दुसरी, जिथे हाड वर येतं तिथे दाट, जिथे मांस खाली जातं तिथे विरळ. समजावणं नव्हतं. एक रेघ, मग पुढची. जपमाळेसारखं होतं ते, आणि माळ तिच्या हाताला तेलापेक्षा जुनी ओळखीची होती. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती काय करतेय याचा विचार करायची थांबली आहे.

डोळे राहिले. पापणीची रेघ एका केसाएवढी लागते. कुंचला फडक्यावर फिरवला तर टोक दुभंगत होतं, पाण्यात बुडवला तर फुगत होतं. ती म्हाताऱ्याकडे गेली.

"ओठांनी कर," तो म्हणाला. "ओठांत धरून जरा ओढ. सुईसारखं होतं."

"त्यात अंडं आहे."

"आहे."

"तुमच्याकडे सगळे असंच करायचे? उपवासातसुद्धा?"

"चित्रं उपवासातच व्हायची, पोरी. एरवी शेतं असायची."

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती पाद्रीबाबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं. हे खाणं नव्हे, ते म्हणाले. तू थुंकून टाकशील, आणि देवमातेसाठी करतेयस. माझा आशीर्वाद आहे, निःशंक मनाने कर. तिने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि घरी आली.

तरीही दोन दिवस तिने ओठांना कुंचला लावला नाही. पाद्रीबाबांच्या शब्दावर तिचा अविश्वास नव्हता. पण उपवास त्यांनी घातलेला नव्हता, तिने धरलेला होता, पंचेचाळीस वर्षं. मुठीतलं धान्य किती सांडलं हे विचारत नाहीत, मूठ उघडली का एवढंच विचारतात, असं तिला वाटत होतं. ती फडक्याने, बोटाने, काचेच्या कडेने टोक करून पाहायची. पापणी दोरीसारखी जाड येई. ओल्या बोळ्याने ती पुसायची, पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. खालचा हिरवट थर पातळ होत चालला. आणखी दोनदा पुसलं असतं तर खडू दिसला असता.

चार दिवस उरले तेव्हा ती खिडकीशी बसून बराच वेळ त्या डोळे नसलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग क्रूसाची खूण केली आणि कुंचला ओठांत धरला.

शिरक्याचा आंबटपणा, मातीची चव, आणि त्यामागे काहीतरी मऊ, जे तिला लगेच ओळखू आलं. टोक सुईसारखं झालं. वरची पापणी एका ओढीत आली. तिने फडक्यात थुंकलं आणि कुंचला पुन्हा बुडवला. दर वेळी ती मोजत होती. न मोजता काही करायची तिला सवय नव्हती. दोन चेहरे, चार डोळे, भुवया, नाकाच्या कडेची एक रेघ. सगळी मिळून एकोणीस वेळा. थुंकलेलं फडकं तिने चुलीत घातलं, तोंड धुतलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी जेवली नाही.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी बिशपांचा माणूस आला. तरुण डीकन, म्हणजे पाद्रीच्या खालच्या पायरीवरचा, नाकावर चष्मा, बुटांना चिखल लागू नये म्हणून अंगणातल्या दगडांवरून उड्या मारत आला. गाडीतली पेटी गाडीतच होती. त्याने फळी उजेडात धरली, तिरपी केली, मागून पाहिली, कोपऱ्यात नखाने हलकेच खरवडलं. पाद्रीबाबा दाढी कुरवाळत उभे होते.

"गाल अजून थोडे इटलीतच आहेत," तो म्हणाला.

पाद्रीबाबा खोकले.

डीकनने चित्र पुन्हा जवळ घेतलं आणि या वेळी बराच वेळ तसंच धरलं. "डोळे कुणी काढले?"

"मीच," आर्गिरो म्हणाली.

त्याने मान हलवली. मग, गाल पुढच्या चित्रात येतील इटलीहून परत, असं म्हणून तो खुर्चीवर बसला. आर्गिरोने त्याला काळी कॉफी आणि हलवा दिला. पेटी परत जाईल, तो म्हणाला. बाकीच्यांसाठी घाई नाही, वर्षाला एक झालं तरी पुरे. रंग कच्चा आहे, शरदात रोगण लागेपर्यंत चित्राला कुणी ओठ लावायचे नाहीत, सगळ्यांनी लांबूनच वाकायचं. हे त्याने पाद्रीबाबांकडून दोनदा वदवून घेतलं. गाडी वळणावरून खाली गेली तेव्हा पाद्रीबाबा आर्गिरोकडे पाहून हसले आणि घाईने तयारीला निघून गेले. ती कॉफीचा पेला धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. सणाला मासा चालतो, त्यामुळे अर्ध्या गावाचा जीव घरी भिजत घातलेल्या खाऱ्या माशात होता. सांगाव्याचं नवं चित्र आपल्या जागी होतं. लोक पुढे येत, ओठ लावायला वाकत, मग आठवण होऊन तसेच मागे सरत. म्हाताऱ्या बायका यावर कुरकुरत होत्या. प्रोद्रोमोस काठी टेकत आला, चित्रापुढे थांबला, आर्गिरोला शोधून तिच्याकडे बघत त्याने एक भुवई वर केली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला.

प्याल्यातल्या प्रसादाची, पाव आणि द्राक्षारसाची, वेळ झाली. उपवास मोडलेला माणूस तो घेत नाही. या सणाला आर्गिरो दर वर्षी प्रसाद घेई. बायकांच्या रांगेत तिची जागाही ठरलेली, तिसरी किंवा चौथी. या वर्षी ती खांबाशी उभी राहिली. रांग पुढे सरकत होती. पाद्रीबाबांनी प्रसादाचा चमचा हातात असताना एकदा मान वर करून रांगेच्या शेवटापर्यंत पाहिलं, आणि मग पुढच्या बाईचं नाव घेतलं.

मॉर्फो प्रसाद घेऊन, लाल फडक्याने पुसलेलं तोंड मिटून, खांबापाशी आली.

"गेली नाहीस?"

"मी अंडं खाल्लंय."

मॉर्फोने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करतेय का हे तिने चेहऱ्यावर शोधलं. चेहरा नेहमीसारखाच होता.

"कितीदा?"

"एकोणीस वेळा."

मॉर्फोच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. एरवी ती प्रार्थना संपायच्या आत दाराशी जाऊन उभी राहायची. त्या दिवशी ती खांबाशी, आर्गिरोच्या शेजारीच थांबली.

शेवटी आशीर्वादाचा पाव वाटला जातो. तो सगळ्यांना मिळतो, प्रसाद घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. आर्गिरो त्या रांगेत गेली, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे झाली. पाद्रीबाबांनी पावाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, पण हात लगेच मागे घेतला नाही.

"मी आशीर्वाद दिला होता," ते हळू आवाजात म्हणाले.

"दिला होता, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "ईस्टरला येईन."

तिच्या मागे लोक खोळंबले होते. तिने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि ती बाजूला झाली.